नकुशा हे नाव बदलायचं आहे, सुरुवात कुठून करू? (खानापूर तालुका)

मलप्रभाकाठ

नमस्कार. बऱ्याच दिवसांपासून इथलं वाचते, लिहिते आज पहिल्यांदा.

वय 33. माहेर आणि सासर दोन्ही खानापूर तालुक्यात. आम्ही चार बहिणी, मी शेंडेफळ ठरायची होते. चौथीही मुलगीच झाली म्हणून आजीनं माझं नाव नकुशा ठेवलं. पुढच्या खेपेला भाऊ झाला. नावाचा गुण आला, असं घरातले अजून म्हणतात. आजी गेली, तिच्यावर माझा राग नाही. पण ते नाव रोज मलाच वागवायचं असतं. शाळेत हजेरी घेताना माझं नाव जवळ आलं की पोटात गोळा यायचा. दहावीच्या मार्क्सकार्डावर तेच, आधारवर तेच, रेशन कार्डावर तेच. आता बचत गटाचे हिशेब मी लिहिते. बँकेत पासबुक पुढं केलं की आतून मोठ्यानं हाक येते आणि रांगेतल्या बायका वळून बघतात. कन्नड बोलणाऱ्यांना अर्थ कळत नाही, ते साधेपणानं हाक मारतात. आपल्या माणसांसमोरच जास्त लागतं.

येत्या जूनमध्ये मुलगी पहिलीत जाईल. शाळेच्या नोंदीत आईचं नाव लिहितात. तिनं ते नाव लिहायला शिकू नये, एवढंच मला वाटतंय.

मालकांचा पाठिंबा आहे. गेल्या आठवड्यात आम्ही दोघं बेळगावला जाऊन आलो. कोर्टाच्या आवारात टेबल मांडून बसलेल्या एकानं सांगितलं, कलेक्टरची परवानगी लागेल, कोर्टात केस घालावी लागेल, सगळे मिळून वीस हजार होतील. आमच्याकडं तेवढे नाहीत. खरंच एवढं सगळं लागतं का? नवऱ्याची सही लागते का? बापाच्या जमिनीच्या उताऱ्यावर माझं नाव चढलंय, ते जुनं आहे, त्याचं काय होईल?

नवीन नाव 'ज्ञानदा' ठेवायचं मनात आहे. माहेरी पंढरीची वारी आहे, बाबा ज्ञानेश्वरी वाचायचे.

गुरुजी_कडोली

बाई, तुमचं पत्र वाचून दोनदा चष्मा पुसला. मी बत्तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं, त्यातली शेवटची काही मुख्याध्यापक म्हणून. जनरल रजिस्टरमध्ये पालक सांगतील ते नाव लिहायचं, हा नियम. दगडू, धोंडू, भिकू, केरू ही नावं मी लिहिली, कारण आधीची मुलं दगावलेली असायची आणि यमाची नजर पडू नये म्हणून आईबाप मुद्दाम हलकं नाव ठेवायचे. त्यात माया होती. पण नकुशा, नकुसा यात ती नव्हती, आणि तीही मी लिहिली. निदान एकदा विचारायला हवं होतं, 'दुसरं काही लिहू का?' शेवटच्या काही वर्षांत विचारू लागलो. बहुतेक बाप लगेच 'लिवा की तुमीच एखादं चांगलं' म्हणायचे. म्हणजे एवढं सोपं होतं.

सातारा जिल्ह्यात 2011 च्या ऑक्टोबरमध्ये अशा अडीचशेहून जास्त मुलींची नावं एका समारंभात बदलली होती, तुम्हाला आठवत असेल. त्या लहान होत्या, जिल्हा परिषदेनं पुढाकार घेतला. तुम्ही सज्ञान आहात, तुमचा पुढाकार तुम्हालाच घ्यायचाय. जरूर घ्या.

सीमावासी

ताई, एक सोपा मार्ग सांगतो. तुमचे कुणी पाहुणे कोल्हापूरला किंवा चंदगडला असतील तर त्यांच्या पत्त्यावर महाराष्ट्राच्या राजपत्रात (गॅझेटमध्ये) नाव बदलून घ्या. ऑनलाइन होतं, मराठीत छापून येतं. इथं कन्नड कागदांच्या मागं कुठं धावालाय? 1956 पासून आपण हेच सोसालोय.

ॲडव्होकेट_शहापूर

सीमावासी दादा, तुमची कळकळ समजते, पण हा सल्ला कुणी पाळू नये. महाराष्ट्राचं राजपत्र तिथल्या रहिवाशांसाठी आहे. खोटा पत्ता लिहून शपथेवर सही करणं म्हणजे खोटं प्रतिज्ञापत्र, आणि तो गुन्हा आहे. नाव बदलायला निघालेल्या बाईच्या नव्या नावाचा पहिलाच कागद खोटा निघाला तर पुढचं सगळं त्यावर उभं राहणार. शिवाय आधार खानापूरचं आणि राजपत्र चंदगडचं असलं की पहिल्याच खिडकीवर अडतं.

ताई, आता तुमच्याकडं येतो. जरा लांब लिहितो, कारण कोर्टाच्या आवारात लोकांना अर्धवट सांगून घाबरवतात हे मी रोज बघतो.

परवानगी कुणाचीही लागत नाही. कलेक्टरची नाही, न्यायालयाची नाही. सज्ञान माणसानं नाव बदलायला अर्ज करून मंजुरी घ्यावी, असा कायदाच आपल्याकडं नाही. नाव तुम्ही बदलता. पुढचे कागद असतात ते 'मी बदललंय' हे जगाला कळवण्याचे आणि त्याचा पुरावा ठेवण्याचे. सर्वोच्च न्यायालयानं 3 जून 2021 ला जिग्या यादव विरुद्ध सीबीएसई या निकालात म्हटलंय की आपली ओळख आपल्या नावानं मांडणं हा अभिव्यक्तीच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे. बोर्ड त्यावर वाजवी अटी घालू शकतं, पण दारच बंद करू शकत नाही. हा निकाल लक्षात ठेवा, कुठं अडवलं तर उपयोगी पडतो.

पहिलं काम प्रतिज्ञापत्र. ते ई-स्टॅम्पवर करायचं. पूर्वी 20 रुपयांचा चालायचा, आता कर्नाटकात प्रतिज्ञापत्राला 100 रुपये आहेत. त्यात जुनं नाव, नवं नाव, वडिलांचं आणि पतीचं नाव, जन्मतारीख, पत्ता, बदलाचं कारण आणि 'यापुढं सर्व व्यवहारांत मी या नावानं ओळखली जाईन' हे वाक्य. नोटरीसमोर सही. आपल्याकडं हे बहुतेक इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये टाइप करतात. सही करण्याआधी प्रत्येक ओळ मराठीत वाचून, समजावून घ्या. लाज वाटून घेऊ नका, तो तुमचा हक्क आहे. आणि स्टॅम्पचा नंबर ऑनलाइन तपासून बघा. बनावट स्टॅम्पच्या घोटाळ्यातला तेलगी मूळचा खानापूरचाच होता, तेव्हा आपल्या भागानं तरी या बाबतीत डोळे उघडे ठेवावेत.

दुसरं, वर्तमानपत्रातली जाहिरात. एक इंग्रजी आणि एक स्थानिक भाषेतलं, असा प्रघात आहे. इथं प्रश्न येतो की स्थानिक म्हणजे मराठी की कन्नड? मी पक्षकारांना सांगतो, इंग्रजी आणि कन्नड द्या, कारण पुढं तो कागद बेंगळुरूच्या टेबलावरही जाऊ शकतो. मराठीतही द्यावीशी वाटली तर तिसरी द्या, गावाला कळेल. छोट्या जाहिरातीच्या रकान्यात चार ओळी पुरतात. कात्रण कापून ठेवू नका, तारखेसकट पूर्ण अंक जपा.

तिसरं, राजपत्र. दिल्लीत सिव्हिल लाइन्सला केंद्र सरकारचं प्रकाशन खातं आहे, तिथं अर्ज जातो. ठरलेल्या नमुन्यात मजकूर, दोन साक्षीदारांच्या सह्या, प्रतिज्ञापत्र, जाहिरातीचा मूळ अंक, ओळखपत्राची प्रत, फोटो आणि शुल्क. मी शेवटचं काम केलं तेव्हा सज्ञान व्यक्तीला 1,100 रुपये होते. या नमुन्याखाली सही जुन्या नावानं करायची असते. बरेच लोक उत्साहात नव्या नावानं करतात आणि अर्ज परत येतो. तुमच्या जुन्या नावाच्या शेवटच्या काही सह्यांपैकी ती एक असेल. मजकूर भारताच्या राजपत्राच्या भाग 4 मध्ये येतो. 2015 पासून छापील प्रत बंद आहे, संकेतस्थळावरून उतरवून घ्यायची.

चार-पाच हजारांत सगळं व्हायला हवं, त्यातही जाहिरातीचा खर्च मोठा. वीस हजार अजिबात नाहीत.

नवऱ्याची संमती कायद्यानं लागत नाही. लग्नानंतरचं आडनाव टाकून माहेरचं लावायचं असेल तर मात्र प्रकाशन खातं घटस्फोटाचा हुकूम किंवा पतीचं ना-हरकत पत्र मागत होतं, यावरून 2024 मध्ये प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. तुमचं आडनाव तेच राहणार आहे.

जमिनीचं उद्या लिहितो, आता पक्षकार बसलेत.

निपाणीकर_माउली

ताई, तुमचा निर्णय ऐकून बरं वाटलं. पण 'ज्ञानदा' या नावाबद्दल थोडं थांबा, मी भोगालोय म्हणून सांगतो.

माझं नाव ज्ञानेश्वर. मराठी शाळेच्या दाखल्यावर ज्ञानेश्वर. दहावीच्या मार्क्सकार्डावर आमच्या सरांनी इंग्रजीत डी-एन-वाय लावून लिहिलं, जसं सगळे मराठी लोक लिहितात. आधार काढताना मुलानं कन्नडमध्ये टाइप केलं. कन्नडमध्ये तेच अक्षर वेगळ्या उच्चाराचं आहे, मग इंग्रजीत ते आपोआप जे-एन झालं. मतदार कार्डावर जी-एन. आता पुण्यात कंपनीत आहे, पीएफचं नाव आधारशी जुळत नाही म्हणून पैसे काढता येईनात. वडिलांच्या ऑपरेशनला लागणारे पैसे होते ते.

मलाही बेळगावात एकानं सांगितलं, नावबदलाचं राजपत्र करा, आठ हजार. वकील साहेब, माझं नाव बदललेलंच नाही हो. जन्मापासून ज्ञानेश्वरच आहे. तरी राजपत्र करावं का?

ॲडव्होकेट_शहापूर

करू नका. हे सगळ्यांनी नीट वाचावं, कारण आपल्या भागात दहातल्या सात जणांची अडचण माउलींसारखी असते, आणि त्यांना ताईंसारखा उपाय विकला जातो.

नाव बदलणं वेगळं आणि नावाची दुरुस्ती वेगळी. तुम्ही 'मी अमुक होतो, आता तमुक झालो' असं शपथेवर लिहून दिलंत की कायमचा पुरावा तयार होतो की आधीचं तुमचं खरं नाव जे-एन वालं होतं. मग डी-एन-वाय लिहिलेलं मार्क्सकार्ड कुणाचं, हा नवीन प्रश्न उभा राहतो. जे झालंच नाही ते कागदावर झालं म्हणून लिहू नका.

तुमचं सगळ्यात जुनं आणि पक्कं कागदपत्र कुठलं? मार्क्सकार्ड. पॅनवर काय आहे?

निपाणीकर_माउली

पॅनवर डी-एन-वाय. मार्क्सकार्डासारखंच.

ॲडव्होकेट_शहापूर

मग काम सोपं आहे. पॅन किंवा मार्क्सकार्ड पुरावा लावून आधारमधलं स्पेलिंग दुरुस्त करा, पोस्टात किंवा बँकेतल्या आधार केंद्रात. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून पहिल्याच वेळी पावतीवरचं प्रत्येक अक्षर तपासा, इंग्रजीतलं आणि कन्नडमधलं दोन्ही. पडद्यावर बघून 'हो' म्हणू नका, कागदावर वाचा. मतदार यादीसाठी फॉर्म 8. पीएफसाठी कंपनीकडून जॉइंट डिक्लेरेशन भरा. कुणी फारच आग्रह धरला तर 'या दोन्ही स्पेलिंगची व्यक्ती एकच, ती मी' असं साधं प्रतिज्ञापत्र द्या. राजपत्र नाही.

उचगावची_लेक

वकील दादा, आमच्याकडच्या बायकांचं आणखी एक दुखणं आहे, तेही यात येतं का बघा.

लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरदेव अंगठीनं नवीन नाव लिहितो. माझं माहेरचं शांता, तांदळात लिहिलं वैष्णवी. तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मलाही छान वाटलं, खोटं कशाला बोलू. पुढं सासऱ्यांनी रेशन कार्डावर वैष्णवी घातलं. आधार शाळेच्या दाखल्यावरून काढलं, ते शांता. 2023 ला कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना दोन हजार सुरू झाले. घरची कर्ती बाई म्हणून माझंच नाव होतं, पण आधार आणि रेशन जुळेना. पाच महिने ग्राम वनला, म्हणजे गावातल्या सरकारी सेवा केंद्राला, खेपा घातल्या. तिथला मुलगा चांगला होता, पण त्याच्या हातात काही नव्हतं.

मलाही राजपत्र कर म्हणून सांगितलं होतं. शेवटी माझ्या नणंदेनं डोकं चालवलं. ती म्हणाली, वहिनी, वैष्णवी हे नाव फक्त एका रेशन कार्डावर आहे, बाकी सगळीकडं तू शांताच आहेस, मग तेच एक सरळ कर. तसंच केलं. दुरुस्तीची साइट मधूनमधून उघडते, तेवढी वाट बघावी लागली. आता घरात वैष्णवी, कागदावर शांता. मला दोन्ही नावं आवडतात.

ॲडव्होकेट_शहापूर

तुमच्या नणंदबाईंनी माझं काम केलं. कागद मोजायचे आणि जिथं चुकीचं नाव कमी ठिकाणी आहे ते बदलायचे. तांदळात लिहिलेलं नाव हा संस्कार आहे, त्यानं सरकारी नोंद बदलत नाही. ज्यांना तेच नाव कागदावरही हवंय त्यांनी लग्नाची नोंदणी करतानाच विचार करावा. आणि लग्नानंतर आडनाव बदलायलाच हवं, असं कुठल्याही कायद्यात नाही. बदलायचं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला बहुतेक ठिकाणी पुरतो.

सीमावासी

मी आधी लिहिलेलं मागं घेतो, पत्त्याचं चुकलंच. पण एक गोष्ट मनापासून सांगतो. माउलींचं नाव बिघडलं ते कुणी मुद्दाम बिघडवलं असं मी म्हणत नाही, तरी मराठी बोलणाऱ्यांची नोंद त्यांच्या उच्चाराप्रमाणे व्हावी यासाठी खिडकीवर मराठी समजणारं कुणी हवं. 1 नोव्हेंबर 2014 ला आपल्या गावाचं अधिकृत नाव बेळगावी झालं. माझ्या मुलाच्या जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, मुलीच्या दाखल्यावर दुसरं. दोघं सख्खे, दवाखाना एकच.

धागा संपादक

सीमावासी, मुद्दा रास्त आहे, पण सीमाप्रश्नावर वेगळा धागा चालू आहे, तिकडं लिहा. इथं मलप्रभाकाठ यांचं काम पुढं जाऊ दे.

ॲडव्होकेट_शहापूर

गावाच्या नावाचं एका ओळीत सांगतो: शहराचं नाव सरकारनं बदललंय, त्यामुळं जन्मस्थळाच्या जुन्या स्पेलिंगसाठी कुणालाही प्रतिज्ञापत्र करायची गरज नाही.

आता ताईंची जमीन. हक्क माणसाला असतो, नावाला नाही. वारसानं उताऱ्यावर चढलेला तुमचा हिस्सा नाव बदलल्यानं जाणार नाही, वाढणार नाही. राजपत्र आल्यावर तहसील कचेरीत अर्ज देऊन नोंद दुरुस्त करून घ्या. तोपर्यंत एखाद्या दस्तावर सही करायची वेळ आलीच तर 'नवं नाव, पूर्वाश्रमीचं नाव अमुक' असं दोन्ही लिहा. कर्ज, जामीन, कोर्टातली प्रकरणं हेही तसंच माणसासोबत येतं. देणं चुकवायला नाव बदलणाऱ्यांना त्याचा उपयोग होत नाही, झालाच तर फसवणुकीचा गुन्हा होतो. जातीच्या दाखल्याचंही असंच, आडनाव बदललं म्हणून जात बदलत नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण लोक विचारतात.

मार्क्सकार्डाबद्दल माझं मत: हात लावू नका. तुम्ही दहावी झालात तेव्हा तुमचं नाव तेच होतं, म्हणजे ते कागदपत्र चुकीचं नाही. पुढं कुठं लागलं तर सोबत राजपत्र जोडा. मार्क्सकार्डावरच नवं नाव हवं, असा हट्ट धरला तर बोर्ड साधारणपणे दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा मागतं. मग 'हेच माझं नाव' असं कोर्टाकडून जाहीर करून घ्यायचा, म्हणजे घोषणेचा दावा लावावा लागतो, त्यात वर्ष-दीड वर्ष जातं. कोर्टाच्या आवारातल्या माणसानं बहुतेक हेच सगळं एकात मिसळून सांगितलं.

मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव नकुशा आहे का?

मलप्रभाकाठ

होय, तेच आहे. दोन रात्री झोप नव्हती, आज तुमचं सगळं मालकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, उद्याच जाऊया.

ॲडव्होकेट_शहापूर

उद्या नको, आधी नाव पक्कं करा.

जन्मदाखल्याचं असं आहे. 1969 च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याचं कलम 15 चुकीची नोंद सुधारण्यासाठी आहे. तुमची नोंद त्या दिवशी बरोबर होती, त्यामुळं रजिस्ट्रार 'ही चूक नव्हे' म्हणू शकतात. कर्नाटक उच्च न्यायालयानं 2025 मध्ये एका मुलाच्या नावबदलाच्या प्रकरणात म्हटलं की या कायद्यात नाव बदलण्याची तरतूद नाही, ती सरकारनं करावी, आणि तोवर जुन्या नोंदीशेजारी नवं नाव शेरा म्हणून लिहावं. त्याचा आधार घेऊन अर्ज करा. पण शाळाप्रवेश त्यासाठी थांबवू नका. प्रवेश अर्जासोबत तुमचं नवं आधार आणि राजपत्र द्या, मुख्याध्यापकांशी आधी बोला.

गुरुजी_कडोली

मुख्याध्यापकांशी बोलायचं काम माझ्यावर सोडा, खानापूर तालुक्यात माझे विद्यार्थी शिक्षक आहेत. आणि नावाबद्दल माउलींचं ऐका. 'ज्ञ' मला प्राणापलीकडं प्रिय, पण इथल्या तीन लिप्यांत तो तीन वाटांनी जातो. 'ळ' चंही तेच, इंग्रजीत 'ल' होऊन परत कन्नडमध्ये जाताना कधी 'ळ' होतो, कधी 'ल'. 'झ' आणि 'च' जपून. 'त' सोपा वाटतो, पण इकडच्या पद्धतीत इंग्रजीत त्याला टी-एच लावतात. सविता, गीता, ललिता सगळ्यांच्या नावात असा एच आलेला मी पाहिलाय.

कोऱ्या कागदावर नाव मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहा. खाली तुमची सही. तोच कागद नोटरीपासून आधार केंद्रापर्यंत सगळीकडं पुढं करा. तोंडी सांगू नका. बोललेलं नाव ऐकणाऱ्याच्या भाषेत उतरतं.

मलप्रभाकाठ

गुरुजी, माउली दादा, विचार केला. बाबा ज्ञानेश्वरीबरोबर ताटीचे अभंगही म्हणायचे. मुक्ताईनं दार लावून बसलेल्या भावाला समजावलं, ते लहानपणी मला फार आवडायचं. ती सगळ्यांत धाकटी, तरी भाऊ तिचं ऐकतो. मी 'मुक्ता' ठेवते. इंग्रजीत पाच अक्षरं, एच नाही.

आईला फोन करून सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, तुझ्या जन्माच्या वेळी मला हेच ठेवायचं होतं, विचारलंच नाही कुणी.

उचगावची_लेक

मुक्ता. किती छान. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

निपाणीकर_माउली

माझं आधार झालं. डी-एन-वाय. पावती तीनदा वाचली. खर्च आठ हजारांऐवजी चहासकट दोनशेच्या आत. कंपनीत जॉइंट डिक्लेरेशन दिलंय. ताई, तुमचं कुठवर आलं?

मलप्रभाकाठ

उशिरा लिहिते, माफ करा. क्रमानं सांगते, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल.

प्रतिज्ञापत्र एका दिवसात झालं. टाइप करणाऱ्यानं पहिल्या मसुद्यात एच घातलाच होता. गुरुजींनी सांगितलेला कागद पुढं केला, त्यानं लगेच सुधारलं. कन्नड आणि इंग्रजी पेपरात जाहिरात दिली, आणि थोडे पैसे बाजूला काढून मराठी पेपरातही दिली. त्या दिवशी सकाळी गावातल्या दुकानात अंक आला तेव्हा तिघींनी घरी येऊन सांगितलं. एक म्हातारी आजी म्हणाली, बरं केलंस पोरी. ती स्वतः धोंडूबाई.

दिल्लीला रजिस्टर पोस्टानं पाठवलं. पहिला अर्ज परत आला, एका साक्षीदाराचा पत्ता अपुरा होता. दुसरा गेला. सातव्या आठवड्यात राजपत्रात नाव आलं. मालकांनी मोबाइलवर आठवड्याची फाइल उघडून भाग 4 शोधला, खूप पानं चाळावी लागली, मग सापडलं. चार ओळी आहेत.

आधारला राजपत्र आणि जुनं आधार दोन्ही दाखवलं, झालं. आता पॅन, बँक, बचत गट, रेशन अशा क्रमानं चाललंय. एकूण खर्च पाच हजार तीनशे, येण्याजाण्याचं भाडं धरून. मुख्याध्यापक बाईंनी प्रवेश अर्जावर आईचं नाव मुक्ता लिहून घेतलं, जन्मदाखल्याचा अर्ज वेगळा दिलाय. बँकेत परवा नवीन पासबुक मिळालं. आतून हाक आली, 'मुक्ता कोण?' मी दोन वेळा ऐकलं आणि मग उठले.

वकील दादा, जुन्या नावाचं आधार, जुनं पासबुक हे सगळं आता जाळून टाकलं तर चालेल ना? घरात नको वाटतंय.

ॲडव्होकेट_शहापूर

मुक्ताताई, मन समजतं, पण जाळू नका. जुनं आधार, तिन्ही वर्तमानपत्रांचे अंक, मूळ प्रतिज्ञापत्र आणि राजपत्राच्या दहा प्रती एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. उताऱ्याच्या नोंदीला तहसीलदार जुन्या नावाचा पुरावा मागतील. घरात नको असेल तर आईकडं ठेवायला द्या.

मलप्रभाकाठ

आईकडं देते. रविवारी जाणारच आहे.